महाराष्ट्रातील महाविद्यालयीन महिला क्रॉस कंट्री शर्यती आणि खिलाडूवृत्ती : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

क्रॉस कंट्री ही लांब पल्ल्याची सांघिक धाव होय. स्त्रियांना या क्रीडाप्रकारात पुरुषांच्या बरोबरीचे अंतर मिळण्यासाठी एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रवासाचा जागतिक आणि महाराष्ट्रीय संदर्भ तपासला असून, खिलाडूवृत्ती या संकल्पनेचा विचार केवळ खेळाडूच्या वैयक्तिक सद्गुणापुरता मर्यादित न ठेवता स्पर्धेची रचना, नियम व संस्थेचे वर्तन यांच्या अनुषंगाने केला आहे. क्रॉस कंट्रीच्या सांघिक गुणपद्धतीत मागून येणाऱ्या धावपटूस जे महत्त्व आहे, तेच संस्थेच्या व्यवहारात तिला मिळते काय, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. भिवंडी परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या दृष्टीने त्याचा विचार शेवटी केला आहे.

बीजसंज्ञा : क्रॉस कंट्री, महाविद्यालयीन क्रीडा, स्त्रिया आणि क्रीडा, खिलाडूवृत्ती, सांघिक गुणपद्धती, भिवंडी.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासाचे लेखन बहुतांशी कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट या खेळांभोवती फिरत राहिले आहे. मैदानी स्पर्धांच्या वाट्याला त्यातील थोडी पाने येतात, लांब पल्ल्याच्या धावेला त्याहून थोडी आणि स्त्रियांच्या लांब पल्ल्याच्या धावेला तर एखाददुसराच परिच्छेद. महाविद्यालयीन पातळीवर ही उणीव अधिकच जाणवते. महाविद्यालयाच्या वार्षिकांकातील जिमखाना अहवालात पहिल्या तीन क्रमांकांची नावे आणि पदकांची संख्या एवढीच नोंद सामान्यतः आढळते. शर्यत किती अंतराची होती, किती विद्यार्थिनी धावल्या, किती जणींनी ती पूर्ण केली आणि शेवटी कोण आली, याविषयी अहवाल मौन पाळतात. ज्या खेळात चौथ्या-पाचव्या धावपटूच्या क्रमांकावर संघाचे यश ठरते, त्या खेळाच्या इतिहासलेखनात हे मौन विशेष खटकणारे आहे.

क्रॉस कंट्री म्हणजे धावपट्टी सोडून शेत, माळ, चढउतार, चिखल अशा नैसर्गिक भूमीवरून धावण्याची शर्यत. तिला प्रेक्षागृह लागत नाही आणि महाग साधनेही लागत नाहीत. जागतिक नियमांनुसार मैदानी स्पर्धांत अनवाणी धावण्यासही मुभा आहे. त्यामुळे ग्रामीण, आदिवासी व कष्टकरी कुटुंबांतील मुलींना महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात प्रवेश देणारा हा सर्वांत सुलभ मार्ग ठरू शकतो. तो प्रत्यक्षात कितपत खुला झाला, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) स्त्रियांच्या क्रॉस कंट्री व लांब पल्ल्याच्या शर्यतींचा ऐतिहासिक मागोवा घेणे. (२) महाराष्ट्रातील धावपटू स्त्रियांच्या कामगिरीचा या संदर्भात विचार करणे. (३) क्रॉस कंट्रीच्या नियमांतून व्यक्त होणारी खिलाडूवृत्तीची संकल्पना स्पष्ट करणे. (४) भिवंडीसारख्या औद्योगिक-ग्रामीण परिसरातील महाविद्यालयांसाठी त्यातून काय निष्पन्न होते, हे पाहणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून स्पर्धांचे प्रसिद्ध निकाल, जागतिक मैदानी संघटनेचे नियम व सर्वज्ञात क्रीडाघटना यांचा आधार घेतला आहे.

३. स्त्रियांच्या लांब पल्ल्याच्या धावेचा जागतिक संदर्भ

क्रॉस कंट्रीचा उगम एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या निवासी शाळांत झाला. काही मुलांनी कागदाचे तुकडे टाकत पुढे पळावे आणि इतरांनी त्या खुणांवरून त्यांचा माग काढावा, अशा खेळातून ही शर्यत विकसित झाली. १९०३ मध्ये स्कॉटलंडमध्ये आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा सुरू झाली. १९१२, १९२० व १९२४ या तीन ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीचा समावेश होता, परंतु तो केवळ पुरुषांसाठी. स्त्रियांची पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत १९३१ मध्ये फ्रान्समधील दुए येथे अनधिकृत स्वरूपात झाली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांना अधिकृत स्थान मिळाले ते १९६७ मध्ये, म्हणजे पुरुषांची स्पर्धा सुरू झाल्यानंतर ६४ वर्षांनी.

हा विलंब समजून घेण्यासाठी दोन ऑलिंपिक शर्यती शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील पुरुषांची क्रॉस कंट्री तीव्र उन्हाळ्यात झाली. ३८ धावपटूंनी सुरुवात केली व केवळ १५ जणांनी शर्यत पूर्ण केली. अनेक जण वाटेत कोसळले. यानंतर क्रॉस कंट्री ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. दोष उन्हाला व मार्गाला दिला गेला. पुरुषांनी लांब पल्ल्याची धाव घेऊ नये, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. त्यांची मॅरेथॉन व १०,००० मीटरची शर्यत पुढेही चालूच राहिली. चार वर्षांनी, १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच ८०० मीटर धावल्या. अंतिम शर्यतीत ९ स्त्रिया होत्या व त्या सर्वांनी ती पूर्ण केली. जर्मनीच्या लीना राडके यांनी सुवर्णपदक आणि जपानच्या किनुए हितोमी यांनी रौप्यपदक मिळविले. तथापि, स्त्रिया धावपट्टीवर कोसळल्याची अतिरंजित वर्णने वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली आणि हे अंतर स्त्रीच्या शरीरास झेपणारे नाही, असे ठरवून ८०० मीटरची शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवण्यात आली.

पुरुष कोसळले तेव्हा परिस्थितीची चौकशी झाली. स्त्रिया न कोसळताही त्यांच्या शरीराची चौकशी झाली. पुढील अर्धशतकाचा इतिहास या भेदाचा परिणाम होय. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची १५०० मीटर शर्यत १९७२ मध्ये, मॅरेथॉन व ३००० मीटर १९८४ मध्ये, १०,००० मीटर १९८८ मध्ये, ५००० मीटर १९९६ मध्ये आणि ३००० मीटर स्टीपलचेस २००८ मध्ये आली. प्रत्येक अंतर स्त्रियांना स्वतंत्रपणे मिळवावे लागले.

क्रॉस कंट्रीमध्येही हेच घडले. १९७३ मध्ये बेल्जियममधील वारेगेम येथे पहिली जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा झाली, तेव्हा पुरुषांचे अंतर सुमारे १२ कि.मी. आणि स्त्रियांचे सुमारे ४ कि.मी. होते. स्त्रियांचे अंतर टप्प्याटप्प्याने ८ कि.मी. पर्यंत वाढले. २०१७ मध्ये युगांडातील कंपाला येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत स्त्रिया व पुरुष या दोघांसाठीही प्रथमच १० कि.मी. असे समान अंतर ठेवण्यात आले. पहिल्या जागतिक स्पर्धेपासून समान अंतरापर्यंत पोहोचण्यास ४४ वर्षे लागली, ही बाब लक्षणीय आहे.

४. महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या धावेचा संघटित इतिहास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याशी निगडित आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या क्रीडास्पर्धांत ग्रामीण भागातील शेतकरी तरुण अनवाणी धावत असत. त्यांची धाव पाहून प्रभावित झालेल्या सर दोराबजी टाटा यांनी भारतीय खेळाडूंना १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी पाठविण्यात पुढाकार घेतला. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. भारताच्या ऑलिंपिक सहभागाची एक मुळी अशा रीतीने मराठी मुलखातील अनवाणी शेतकऱ्यांच्या धावेत आहे.

मात्र त्या शर्यतीत स्त्री नव्हती. याच प्रदेशात १८४८ मध्ये मुलींच्या शाळेची सुरुवात झाली होती आणि १९१६ मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले होते. वर्गाचे दार उघडले, पण मैदानाचे दार उघडण्यास बराच काळ जावा लागला. वास्तविक शेतावर जाणे, पाणी आणणे, सरपण गोळा करणे यांसाठी रोजचे कित्येक कोस चालणारी स्त्रीच होती. तिच्या श्रमाला कोणी अंतराची मर्यादा घातली नाही. तेच अंतर ती स्वतःच्या आनंदासाठी, स्वतःच्या नावावर तोडू लागली की मात्र ते अशोभनीय किंवा अपायकारक मानले गेले.

स्वातंत्र्योत्तर काळातील पहिल्या मोठ्या यशाचे श्रेय मुंबईच्या धावपटूंकडे जाते. १९५१ च्या दिल्ली येथील पहिल्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या रोशन मिस्त्री यांनी १०० मीटरमध्ये रौप्य, तर मेरी डिसोझा यांनी २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सहभागी झालेल्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या स्त्री खेळाडूंमध्ये मेरी डिसोझा यांचा समावेश होता. तथापि, या सर्व शर्यती कमी अंतराच्या होत्या. लांब पल्ल्याचे प्रकार स्त्रियांसाठी स्पर्धेतच नसल्यामुळे त्या प्रकारांतील गुणवत्ता दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. महानगरातील मैदान व क्लब ज्यांच्या आवाक्यात होते, त्यांनाच हे यश शक्य होते. ग्रामीण मुलीची ताकद ज्या अंतरात होती, ते अंतर अद्याप तिच्यासाठी आखलेच गेले नव्हते.

५. महाविद्यालयीन शर्यतीची रचना व सांघिक गुणपद्धती

विद्यापीठीय क्रीडारचनेत विद्यार्थिनी प्रथम आपल्या महाविद्यालयाच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत उतरते. तेथील कामगिरीवरून विद्यापीठाचा संघ निवडला जातो व तो भारतीय विद्यापीठ संघाच्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत सहभागी होतो. भारतीय विद्यापीठ संघ ही संस्था १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ या रूपाने स्थापन झाली व १९७३ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते. महाविद्यालयीन मुलीच्या दृष्टीने ही शिडी महत्त्वाची आहे. कोणत्याही खासगी क्लबाच्या सदस्यत्वाशिवाय, केवळ प्रवेश घेतलेली विद्यार्थिनी या नात्याने, ती राष्ट्रीय स्तरापर्यंत जाऊ शकते.

क्रॉस कंट्रीचे वेगळेपण तिच्या गुणपद्धतीत आहे. धावपटू ज्या क्रमांकावर येते, तो क्रमांक हाच तिचा गुण. संघातील ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज केली जाते आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. जागतिक स्पर्धेत वरिष्ठ गटात एका संघातून जास्तीत जास्त सहा धावपटू धावतात व पहिल्या चौघींचे क्रमांक धरले जातात. इतर स्पर्धांत ही संख्या बदलू शकते. तत्त्व मात्र तेच राहते. ठरलेल्या संख्येइतक्या धावपटूंनी शर्यत पूर्ण केली नाही, तर त्या संघास सांघिक क्रमांकच मिळत नाही.

उदाहरणादाखल, अ महाविद्यालयाच्या चार विद्यार्थिनी १, २, ९ व १६ या क्रमांकांवर आल्या आणि ब महाविद्यालयाच्या ४, ६, ८ व १० या क्रमांकांवर, असे समजू. दोन्ही संघांची बेरीज २८ होते. अशा वेळी जागतिक नियमांनुसार ज्या संघाची शेवटची गणनापात्र धावपटू पहिल्या क्रमांकाच्या अधिक जवळ असेल, तो संघ श्रेष्ठ ठरतो. म्हणजे पहिला व दुसरा क्रमांक अ संघाकडे असूनही विजय ब संघाचा होतो, कारण त्याची चौथी धावपटू १० वी आली आहे. पहिली कोण आली, यापेक्षा चौथी कुठे आली, हे येथे निर्णायक ठरते.

या नियमाचा शैक्षणिक आशय मोठा आहे. वैयक्तिक यशाची ओढ लागलेल्या विद्यार्थिनीस आपल्या मागे धावणाऱ्या मैत्रिणीचे मोल येथे आकड्यांत कळते. दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या दोन मुली अखेरच्या शंभर मीटरमध्ये जिवाच्या आकांताने धावतात, तेव्हा त्या पदकासाठी नव्हे, तर एका गुणासाठी, आपल्या महाविद्यालयासाठी धावत असतात. खिलाडूवृत्तीचा हा धडा नियमातच अंतर्भूत आहे. त्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज नाही.

६. महाराष्ट्रातील धावपटू स्त्रियांची कामगिरी

लांब पल्ल्याची अंतरे स्त्रियांसाठी खुली झाल्यानंतर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून आलेल्या धावपटूंनी जी कामगिरी केली, ती वरील विवेचनाचा पुरावाच होय.

नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावर १९८५ मध्ये जन्मलेल्या कविता राऊत यांनी धावण्यास अनवाणीच सुरुवात केली. नाशिक येथे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली त्या घडल्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये ३३ मिनिटे ०५.२८ सेकंद या वेळेसह कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धेच्या धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये रौप्य व ५००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. तेथील १०,००० मीटरचे सुवर्णपदक केरळच्या प्रीजा श्रीधरन यांनी पटकावले. पंचवीस फेऱ्यांच्या त्या शर्यतीत दोन्ही भारतीय धावपटूंमधील अंतर एका सेकंदाहूनही कमी होते. ज्या मुलीच्या पाड्यावर धावपट्टी नव्हती, तिने ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी १९८८ मध्येच आलेल्या अंतरात आशियाई रौप्यपदक मिळविले, ही घटना क्रीडा इतिहासाइतकीच सामाजिक इतिहासाचीही आहे.

सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत प्रथम क्रमांक मिळविला. नंतर त्या स्टीपलचेसकडे वळल्या. २०१५ मध्ये वुहान येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम फेरीत पोहोचल्या व १० व्या आल्या. १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरील वैयक्तिक प्रकारात अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

नाशिक जिल्ह्याच्याच संजीवनी जाधव यांचे उदाहरण विद्यापीठीय क्रीडारचनेशी थेट जोडलेले आहे. विद्यार्थिदशेत त्यांनी २०१७ च्या तैपेई येथील जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्यपदक मिळविले आणि २०१८ मध्ये चीनमधील ग्वेयांग येथील आशियाई क्रॉस कंट्री स्पर्धेत ८ कि.मी. शर्यतीत कांस्यपदक पटकावले.

या तिन्ही धावपटूंचा उगम महानगरात नाही. पाडा, दुष्काळी गाव व छोटे शेतकरी खेडे अशा ठिकाणांहून त्या आल्या. अंतर उपलब्ध झाले, मार्गदर्शन मिळाले आणि प्रवास शक्य झाला, तेव्हा गुणवत्ता प्रकट झाली. याचा व्यत्यासही विचारात घ्यावा लागतो. अंतर नाकारले गेले त्या पिढ्यांतील किती कविता आणि किती ललिता पाण्याच्या हंड्यापलीकडे जाऊ शकल्या नाहीत, याची गणना कोणत्याही वार्षिकांकात सापडणार नाही.

७. खिलाडूवृत्ती : नियम आणि व्यवहार

खिलाडूवृत्ती म्हणजे पराभव हसतमुखाने स्वीकारणे, असा मर्यादित अर्थ सामान्यतः घेतला जातो. लांब पल्ल्याच्या शर्यतींतील काही घटना पाहिल्यास या संकल्पनेची व्याप्ती स्पष्ट होते.

रिओ ऑलिंपिकमध्येच स्त्रियांच्या ५००० मीटरच्या प्राथमिक शर्यतीत न्यूझीलंडच्या निकी हॅम्बलिन व अमेरिकेच्या ॲबी डॲगोस्टिनो एकमेकींस धडकून पडल्या. डॲगोस्टिनो आधी उठल्या आणि पुढे न जाता त्यांनी हॅम्बलिन यांना उभे राहण्यास मदत केली. थोड्याच वेळात गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे डॲगोस्टिनो स्वतःच खाली बसल्या, तेव्हा हॅम्बलिन त्यांच्यासाठी थांबल्या. दोघींनीही शर्यत पूर्ण केली व दोघींनाही अंतिम फेरीत स्थान देण्यात आले. दुखापतीमुळे डॲगोस्टिनो अंतिम शर्यत धावू शकल्या नाहीत.

या संदर्भात नियम काय सांगतो, हे पाहणे उपयुक्त आहे. शर्यतीत पुढे सरकण्यासाठी दुसऱ्या धावपटूचा शारीरिक आधार घेणे जागतिक नियमांनुसार निषिद्ध आहे. मात्र पडलेल्या धावपटूस उभे राहण्यास केलेली मदत त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजे पडलेलीला उठविता येते, उचलून नेता येत नाही. या एका वाक्यात समता व सहानुभूती यांचा मेळ घातलेला आहे. अंतर प्रत्येकीने स्वतःच्या पायांनीच तोडावयाचे, परंतु उभे राहण्याच्या क्षणी कोणालाही एकटे सोडावयाचे नाही. आपल्या अनेक विद्यार्थिनींना हा नियम ठाऊक नसतो. मदत केली तर आपण बाद होऊ, या भीतीने त्या पडलेल्या मुलीला वळसा घालून पुढे जातात. येथे उणीव मनाची नसून माहितीची असते.

दुसरी घटना क्रॉस कंट्रीचीच, परंतु पुरुषांची आहे. डिसेंबर २०१२ मध्ये स्पेनमधील बुर्लादा येथील शर्यतीत आघाडीवरील केनियाचे आबेल मुताई अंतिम रेषा ओलांडली, असे समजून काही मीटर आधीच रेंगाळले. मागून आलेल्या स्पेनच्या इव्हान फर्नांडिस अनाया यांना सहज पुढे जाता आले असते. परंतु त्यांनी खुणा करून मुताई यांना पुढे जाण्यास सांगितले व स्वतः दुसरे आले. नियमाने त्यांना पुढे जाण्यास मज्जाव केला नव्हता. जेथे नियम संपतो, तेथे खिलाडूवृत्ती सुरू होते, हे या घटनेतून दिसते.

तिसरी घटना महाराष्ट्राशी संबंधित आहे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत स्त्रियांच्या स्टीपलचेस शर्यतीत प्रथम आलेल्या बहरीनच्या रूथ जेबेट यांना धावपट्टीच्या आतल्या बाजूस पाऊल पडल्याच्या कारणावरून बाद ठरविण्यात आले. त्यामुळे ललिता बाबर यांना रौप्य व सुधा सिंग यांना कांस्यपदक जाहीर झाले. नंतर बहरीनचे अपील मान्य होऊन जेबेट यांचे सुवर्णपदक कायम राहिले. ललिता बाबर कांस्यपदकावर आल्या आणि सुधा सिंग चौथ्या ठरल्या. पंचांच्या एका निर्णयाने मिळालेले पदक दुसऱ्या निर्णयाने गेले. दोन्ही धावपटूंची कारकीर्द यानंतरही भक्कमपणे पुढे चालू राहिली. अपील करण्याचा हक्क आणि अपिलाचा निर्णय मान्य करण्याचे बंधन, ही खिलाडूवृत्तीची दोन्ही अंगे येथे एकत्र दिसतात.

उत्तेजक द्रव्यांचा प्रश्नही येथे नोंदवावा लागतो. भारतात २००५ मध्ये राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्था स्थापन झाली व २०२२ मध्ये यासंबंधीचा कायदा संमत झाला. क्रीडा कोट्यातील नोकरी व प्रवेश यांचे आकर्षण वाढत असताना महाविद्यालयीन धावपटूंपर्यंत या नियमांची माहिती पोहोचविणे ही संस्थेची जबाबदारी ठरते. अजाणतेपणी घेतलेल्या औषधाचीही जबाबदारी खेळाडूवरच येते, हे विद्यार्थिनीस वेळीच सांगितले गेले पाहिजे.

८. भिवंडी परिसराच्या संदर्भात

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर म्हणून देशभर परिचित आहे. शहरात कष्टकरी व मोठ्या संख्येने मुस्लिम कुटुंबे, तर तालुक्याच्या ग्रामीण भागात आगरी, कुणबी व आदिवासी कुटुंबे राहतात. या सर्व घरांतील मुली आज महाविद्यालयात येतात. कविता राऊत यांचे नाशिक ज्या मुंबई-नाशिक महामार्गाने जोडलेले आहे, तो महामार्ग याच तालुक्यातून जातो. भाताची कापणी झाल्यानंतर मोकळी होणारी खाचरे, बांध, माळ व टेकड्या ही हिवाळ्यातील क्रॉस कंट्रीसाठी निसर्गाने दिलेली भूमी आहे. परंतु गेल्या दोन-तीन दशकांत माणकोली, पडघा परिसरात महामार्गालगत गोदामांचा मोठा विस्तार झाला आणि अवजड वाहनांची वर्दळ वाढली. मोकळी जमीन कमी होते, तेव्हा सर्वांत आधी सराव थांबतो तो मुलींचा. मुलगा पहाटे रस्त्यावरही धावतो. मुलीला मात्र सुरक्षित व परिचित मार्ग लागतो.

पोशाखाचा प्रश्नही अनेक पालकांच्या मनात असतो. मैदानी स्पर्धांच्या नियमांनुसार पोशाख स्वच्छ व आक्षेपार्ह नसावा, एवढीच मूलभूत अपेक्षा आहे. पूर्ण बाह्या, पूर्ण लांबीची विजार किंवा डोक्यावरील वस्त्र यांमुळे धावपटू अपात्र ठरत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सौदी अरेबियाच्या सारा अत्तार डोके झाकून व पूर्ण पोशाखात ८०० मीटर धावल्या. त्या आपल्या प्राथमिक शर्यतीत इतरांच्या बऱ्याच मागे, शेवटी आल्या आणि प्रेक्षकांनी उभे राहून त्यांना दाद दिली. भिवंडीतील पालकांपुढे ठेवावे असे हे उदाहरण आहे. ते प्रेक्षकांसाठी व आयोजकांसाठीही तितकेच बोलके आहे.

कारण महाविद्यालयीन शर्यतींत याच्या उलट चित्र पुष्कळदा दिसते. पहिल्या काही मुली आल्या की अंतिम रेषेवरील गर्दी पांगू लागते. बक्षीस समारंभाची घाई सुरू होते. मागून येणारी विद्यार्थिनी पोहोचते तेव्हा तिची वेळ नोंदविण्यास कोणी उरलेले नसते. सहभागाची पूर्तता म्हणून अपुरा संघ पाठविणे, सरावाविना आयत्या वेळी नावे भरणे, अर्ध्या वाटेवर दमलेल्या मुलीस वाहनात बसवून आणणे, हेही घडते. पहिल्यांदाच दहा किलोमीटर पूर्ण करणारी ती शेवटची मुलगी पुढच्या वर्षी संघात परत येईल की नाही, हे त्या अंतिम रेषेवर तिला काय दिसले, यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. ती परतली नाही, तर चौथी धावपटू मिळत नाही. चौथी मिळाली नाही, तर संघ उभा राहत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. स्त्रियांच्या लांब पल्ल्याच्या धावेवरील निर्बंध शारीरिक क्षमतेवर नव्हे, तर सामाजिक समजुतींवर आधारलेले होते. १९२४ व १९२८ च्या ऑलिंपिक शर्यतींची तुलना हे स्पष्ट करते.

२. महाराष्ट्रातील धावपटू स्त्रियांचे आंतरराष्ट्रीय यश हे अंतरे खुली झाल्यानंतरच्या काळातील असून त्यात ग्रामीण व आदिवासी भागाचा वाटा ठळक आहे.

३. क्रॉस कंट्रीची गुणपद्धती मागून येणाऱ्या धावपटूस निर्णायक महत्त्व देते. परंतु आयोजन, अहवाल व इतिहासलेखन या तिन्ही पातळ्यांवर ती दुर्लक्षित राहते.

४. खिलाडूवृत्ती हा केवळ खेळाडूचा गुण नसून संस्थेचेही कर्तव्य आहे. समान अंतर, पूर्ण संघ, नियमांची माहिती व अखेरच्या धावपटूची नोंद ही संस्थेच्या खिलाडूवृत्तीची लक्षणे होत.

१०. सूचना

आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत विद्यार्थिनींसाठी समान अंतराचे तत्त्व पाळले जावे. शेवटची धावपटू येईपर्यंत अंतिम रेषा व वेळनोंदणी चालू ठेवावी. मदतीसंबंधीचा नियम शर्यतीपूर्वी विद्यार्थिनींना त्यांच्या भाषेत समजावून सांगावा. जिमखाना अहवालात शर्यतीचे अंतर, सहभागी व शर्यत पूर्ण करणाऱ्या सर्व विद्यार्थिनींची नावे व वेळा नोंदवाव्यात. ग्रामपंचायतींच्या सहकार्याने मुलींच्या सरावासाठी एखादा सुरक्षित मार्ग निश्चित करून तो राखून ठेवावा.

यातील कोणत्याही सूचनेस मोठा निधी लागत नाही. अंतिम रेषेवर आणखी काही मिनिटे थांबण्याची तयारी मात्र लागते. क्रॉस कंट्रीचा नियम संघाचे मोजमाप त्याच्या मागच्या धावपटूवरून करतो. महाविद्यालयाच्या क्रीडासंस्कृतीचेही मोजमाप त्याच मापाने व्हावे, अशी अपेक्षा आहे.